ओम्नीचा तीन नंबरचा वॉल पाच महिन्यांत पुन्हा जळला: सीट कशी तपासायची, कटिंग कधी करायची?

काळी_माती | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातून लिहितो आहे. माझी २००९ ची ओम्नी आहे, एलपीजीवर चालते. सकाळ-संध्याकाळ शाळेची पोरं, मधल्या वेळात बाजाराचा माल. दिवाळीच्या सुमारास गाडी इंजिनाचा एक सिलिंडर मेल्यासारखी धडधडायला लागली. तालुक्याच्या एका गॅरेजात हेड (इंजिनाचं वरचं झाकण, ज्यात वॉल असतात) खोललं, तीन नंबरचा एक्झॉस्ट वॉल, म्हणजे जळका धूर बाहेर सोडणारी झडप, जळालेला निघाला. नवीन वॉल टाकला, पेस्ट लावून घासला, हेड बंद. साडेचार हजार गेले, पण गाडी चांगली चालली. आता मार्च संपत आला आणि तोच आवाज, तोच सिलिंडर.

या खेपेस कोणाकडे नेण्याआधी कॉम्प्रेशन गेज आणून स्वतः मोजलं. इंजिन गरम, तिन्ही प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. एक नंबर १६५ पीएसआय, दोन नंबर १५५, तीन नंबर ८०. तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑईल सोडून पुन्हा मोजलं तर ८५. ऑईल टाकून आकडा चढला नाही, म्हणजे रिंग नाही, वॉलच. मग तीन नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनवर अगदी वर आणला, गाडी गिअरमध्ये घातली आणि प्लगच्या भोकातून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा सोडली. एअर फिल्टरकडे शांत, आणि सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर हवा फुरफुर येत होती.

हेड काढलं. वॉलच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढी खाच. सीट, म्हणजे वॉल जिथं टेकून बंद होतो ती कडी, चिंधीनं पुसून उन्हात धरली, तर एका बाजूला चकचकीत पट्टा जवळपास अडीच मिलिमीटर रुंद, आणि बरोबर समोरच्या बाजूला केसाएवढा बारीक, तोही काळपट.

नवीन वॉल पाच महिन्यांत कसा जळतो? सीट कटिंग पुरेल की सीटच बदलावी लागेल? गाडीत रोज अकरा पोरं असतात. पुन्हा अर्धवट काम करून ती रस्त्यावर काढायची नाही, एवढं नक्की.

जुना_फिटर | रविवार, रात्री १०:३५

तपासणी चांगली केलीत. हवा सोडून कान लावायचा त्रास हल्ली फार कमी लोक घेतात.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच वर्णनात आहे. पट्टा एका बाजूला रुंद आणि समोर बारीक, याचा अर्थ सीटचा मध्य आणि वॉलचा मध्य एक नाही. आता हे मध्य हलले कशानं, ते शोधा. सीटकडे बघण्याआधी गाईडकडे, म्हणजे वॉलचा दांडा ज्या नळीत सरकतो तिच्याकडे बघा. वॉल सीटपासून अर्धा-पाऊण सेंटिमीटर उचला आणि डोकं बोटांनी आडवं हलवा, एकदा कॅमच्या दिशेनं आणि एकदा त्याला काटकोनात. रॉकर (वॉल दाबून उघडणारा हात) वॉलला सरळ दाबत नाही, थोडा बाजूला ढकलतो, म्हणून गाईड गोल झिजत नाही, लांबट झिजतो. एका दिशेनं जास्त खेळ आला तर गाईड गेला म्हणून समजा.

आणि वॉल का जळतो हेही नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. एक्झॉस्ट वॉलचं डोकं चालत्या इंजिनात सातशे-आठशे अंशांपर्यंत तापतं. ती उष्णता जाणार कुठं? साधारण तीन हिस्से सीटमधून हेडमध्ये जाते, एक हिस्सा दांड्यातून गाईडमध्ये. म्हणजे वॉल जेवढा वेळ सीटवर घट्ट बसलेला असतो, तेवढाच वेळ त्याला गारवा. जिथं पट्टा केसाएवढा आहे तिथं उष्णता उतरायला वाटच नाही. तिथून आधी थोडी ज्वाळा निसटते, मग ती जागा आणखी तापते, मग कड वितळून खाच पडते. एकदा खाच पडली की आठ दिवसांत वॉल संपला.

तुमच्या गॅरेजवाल्यानं नवीन वॉल जुन्या गाईडमध्ये, वाकड्या सीटवर नुसता पेस्टनं घासून बसवला. तो वॉल त्याच दिवशी जळायला लागला होता.

अकोट_फाटा | सोमवार, सकाळी ७:५०

काका, तुमचा मान ठेवून सांगतो, पण सगळा दोष पेस्टवर नका टाकू. माह्या गॅरेजात चौदा वर्सं झाले, वॉल घासल्याबिगर एक हेड बंद केलं नाई. आधी जाड पेस्ट, मंग बारीक, मंग रॉकेल ओतून पायतो. रॉकेल थेंबभर उतरलं नाई तर काम पक्कं. गाड्या चालून रायल्या. अन् खेड्यात गिऱ्हाईक म्हणते, संध्याकाळपर्यंत गाडी पायजे. गाईड बदला, सीट कटिंग करा म्हटलं तर हेड अकोल्याले न्या लागते, दोन दिवस जाते. तो गिऱ्हाईक दुसरीकडं जाते.

जुना_फिटर | सोमवार, दुपारी १२:१५

भाऊ, मी एसटीच्या वर्कशॉपात बत्तीस वर्षं हेच केलं. सुरुवातीची काही वर्षं मीही पेस्टनंच घासत होतो, त्यामुळे तुमची अडचण मला परकी नाही. घाई, गिऱ्हाईक, सगळं खरं. पण पेस्ट काय करू शकते आणि काय करू शकत नाही, ते एकदा बघा.

चांगल्या, मध्य धरलेल्या सीटवर शेवटचा हात म्हणून बारीक पेस्ट लावून दहा-वीस वेळा फिरवलंत, तर हरकत नाही. पट्टा सगळीकडं सारखा राखाडी दिसतो, नजरेला खात्री मिळते. पण खड्डे पडलेली, रुंद झालेली, एका बाजूला गेलेली सीट पेस्टनं दुरुस्त होत नाही. घासत राहिलात तर पट्टा आणखी रुंद होतो, आणि वॉलच्या तोंडावर खाचेसारखी गोल नाळ पडते. इंजिन तापलं की वॉलचं डोकं थोडं फुगतं आणि ती नाळ सीटच्या जागेवर राहत नाही.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. तुम्ही दांडीला रबर लावून वॉल घासता, तेव्हा वॉल ढिल्या गाईडमध्ये आपल्याला हवी तशी जागा धरून बसतो. रॉकेल ओतता तेव्हाही तो तसाच बसलेला असतो. म्हणून रॉकेल उतरत नाही. चालत्या इंजिनात रॉकर त्याला दर वेळी बाजूला ढकलतो आणि तो भलत्याच जागी आदळतो. रॉकेलची परीक्षा टेबलावरच्या वॉलची आहे, गाडीतल्या वॉलची नाही. गाईड घट्ट असेल तरच त्या परीक्षेला अर्थ.

आणि काही नव्या गाड्यांच्या वॉलच्या तोंडावर पातळ कठीण थर चढवलेला असतो. त्याला पेस्ट लागली की थर गेला. अशा वॉलला कंपनीच्या मॅन्युअलात घासू नका असंच लिहिलेलं असतं.

पट्टा तपासायला खर्च लागत नाही. मार्किंग ब्लू (खूण उमटवायचा निळा रंग) नसेल तर मऊ शिसपेन्सिल घ्या. सीट रॉकेलनं धुऊन कोरडी करा आणि सीटवर आडव्या रेघा मारा, दर तीन-चार मिलिमीटरला एक, पूर्ण गोल. वॉल सोडा, बोटानं मधोमध दाबा आणि पाव चक्करपेक्षाही कमी फिरवा. उचलून बघा. प्रत्येक रेघ मधे कापली गेली पाहिजे. जी रेघ अखंड राहिली, तिथं सीट वॉलला टेकत नाही. पूर्ण चक्कर मात्र फिरवू नका. वॉल किंचित वाकडा असेल तर त्याची एकच उंच जागा गोल फिरून सगळ्या रेघा पुसून टाकते आणि तुम्हाला खोटी खात्री मिळते.

काळी_माती | मंगळवार, रात्री ८:४५

काका, सांगितलं तसं केलं. मी ज्या आयटीआयमध्ये शिकलो तिथल्या सरांकडून डायल गेज आणि मायक्रोमीटर एका दिवसासाठी आणला.

आधी हेड साफ केलं. वॉल, स्प्रिंग, कॉटर सहा वेगवेगळ्या डब्यांत नंबर टाकून ठेवले. कार्बन लाकडाच्या चिपेनं खरवडला, ॲल्युमिनियमवर पातं चालवलं नाही. चीर बघायला रॉकेल लावलं, दहा मिनिटांनी पुसलं आणि वरून खडूची पूड भुरभुरवली. चीर असती तर आतलं रॉकेल बाहेर येऊन पांढऱ्यावर ओली रेघ उठली असती. सीटांच्या मधला पट्टा दोनदा बघितला, कोरडा आहे. हेडचा तळ सरळपट्टी लावून बघितला, फिलर गेजची ०.०५ मिलिमीटरची पातळ पट्टी कुठंच शिरली नाही.

मग गाईड. तीन नंबरचा एक्झॉस्ट कॅमच्या दिशेनं हलवला तर डायलचा काटा ०.३५ मिलिमीटर गेला. आडवा हलवला तर ०.१५. लांबट झिजणं म्हणजे काय ते पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. दोन नंबरचा ०.२२, एक नंबरचा ०.१९. इनटेकचे तिन्ही ०.१० च्या आत.

पेन्सिलच्या रेघा तीन नंबरच्या सीटवर चोवीस मारल्या होत्या. अकरा कापल्या गेल्या, तेरा जशाच्या तशा. आणि त्या तेराही एकाच बाजूला, खाच होती त्याच बाजूला. तिथं बसून बराच वेळ नुसता बघत राहिलो. पाच महिने पोरं घेऊन याच सीटवर गाडी चालवत होतो.

एक नंबरच्या सगळ्या कापल्या. दोन नंबरच्या तीन राहिल्या.

आता पुढं काय? तीन नंबरचा वॉल सीटमध्ये खाली बसल्यासारखाही वाटतो. शेजारच्या दोन वॉलांच्या मानानं त्याचा दांडा वरच्या बाजूला जवळपास ०.८ मिलिमीटर जास्त बाहेर आहे.

कारंजा_लेथ | मंगळवार, रात्री १०:०५

दादा, तुमचे आकडे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे हेड येतं ते बहुतेक वेळा पोत्यात गुंडाळून, वॉल सगळे एकत्र मिसळलेले.

माझ्या बाबांचं कारंज्याला लेथ आणि हेडचं काम आहे, मी सहा वर्षांपासून सीट आणि गाईड बघते. माझं मत सांगते.

तिन्ही एक्झॉस्ट गाईड बदला. छोट्या पेट्रोल इंजिनांना दांडा आणि गाईड यांच्यातली फट एक्झॉस्टला ०.०९ च्या पुढं आणि इनटेकला ०.०७ च्या पुढं चालवत नाहीत. डोक्याशी हलवून मोजलेला आकडा त्यापेक्षा मोठा येतो, पण तुमच्या तीन नंबरला काही वाव उरलेला नाही. गाईड बदलला की त्याची सीट पुन्हा कापावीच लागते, कारण नवीन गाईडचा मध्य जुन्यापेक्षा थोडा सरकतोच. म्हणून क्रम कधी उलटा करू नका: आधी गाईड, मग रीमर (भोक मापाला आणणारं हत्यार), मग सीट. सीट कटरचा पायलट, म्हणजे त्याला मध्यावर धरणारी दांडी, गाईडमध्येच बसतो. गाईड ढिला असेल तर पायलट डुलतो आणि सगळ्यात महागडा कटरही वाकडीच सीट कापतो.

एक आणि दोन नंबरला कटिंग पुरेल. तीन नंबरची सीट मात्र बदला. दांडा ०.८ वर आलाय, त्यात खड्डे जायला अजून कापायचं म्हटलं तर वॉल आणखी आत जाईल. मग चेंबरचा आकार बदलतो, स्प्रिंगचा ताण कमी होतो, टॅपेटची फट, म्हणजे रॉकर आणि दांड्याचं टोक यांच्यातलं अंतर, बसवायला जागा उरत नाही. काही जण दांड्याचं टोक घासून जमवतात. टोकाचा कठीण थर जेमतेम असतो, तो गेला की रॉकर त्यात खड्डा पाडतो.

काळी_माती | मंगळवार, रात्री १०:२५

ताई, सीट बदलायला हेड तापवतात आणि सीट गोठवतात असं वाचलं. आमच्या गावात गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी नायट्रोजनचं कंटेनर येतं. त्यातला थोडा मिळाला तर चालेल का?

जुना_फिटर | मंगळवार, रात्री १०:५०

तो मागू नका. त्या नायट्रोजनमध्ये वळूच्या रेताच्या कांड्या उणे १९६ अंशांत ठेवलेल्या असतात. पातळी खाली गेली तर शेजाऱ्याच्या गाईचं नुकसान. शिवाय उघड्या हातावर सांडला तर कातडं जाळतो. गरजही नाही. हिशेब करा: भोक ३२ मिलिमीटरचं धरा. हेड १२५ अंशांनी जास्त तापवलं तर ॲल्युमिनियमचं भोक ०.०९ मिलिमीटर उघडतं. सीट आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवली तर ती ०.०१५ च्या आसपास आकसते. दोन्ही मिळून शतांशाच्या दहा रेघा झाल्या. घट्ट बसण्यासाठी ठेवलेला फरक त्याच्या आत असतो. मात्र हात चपळ हवा, दोन-तीन सेकंदांत सीट तळाशी गेली पाहिजे.

कारंजा_लेथ | मंगळवार, रात्री ११:१०

काकांचा हिशेब बरोबर आहे, आम्ही तसंच करतो. फक्त हेड तापवताना स्टोव्हची किंवा गॅस बत्तीची ज्वाळा एका जागी मारू नका, हेड वाकतं. गाईडसाठी तर आमच्याकडं लग्नाच्या स्वयंपाकातलं मोठं गंज आहे. त्यात पाणी उकळून हेड अर्धा तास ठेवलं की सगळीकडून सारखं शंभर अंश. गाईड काढायला-घालायला तेवढं पुरतं. सीटसाठी ओव्हन लागतो, तो आहे.

जुनी सीट काढायची पद्धत वेल्डिंगची. सीटच्या आतल्या बाजूनं वेल्डिंगची एक बारीक ओळ फिरवायची. गार होताना सीट आकसते आणि हेड उलटं केलं की आपोआप बाहेर पडते. छिन्नी मारून काढली की ॲल्युमिनियममधली तिची बसायची जागा बिघडते, मग मोठ्या मापाची सीट शोधत बसावं लागतं.

शनिवारी सकाळी या. आमच्या फीडरवर दिवसा वीज जाते-येते, पण सीट कटर हातानं फिरवायचा आहे, त्याला विजेची गरज नाही.

वैनगंगा | बुधवार, सकाळी ६:३०

भंडारा जिल्ह्यातून विचारतो. माझीही गाडी एलपीजीची आहे. सगळे म्हणतात गॅसनं सीट खाल्ली जाते. हे खरं का?

जुना_फिटर | बुधवार, सकाळी ९:२०

अर्धं खरं. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं. त्याचा पातळ थर सीटवर बसून वॉल आणि सीट यांच्यामध्ये उशीसारखं काम करायचा. आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून शिशाचं पेट्रोल बंद झालं, आणि त्याच्या आधीपासूनच कंपन्या कठीण सीट टाकायला लागल्या. गॅस पूर्ण कोरडा असतो, त्याचा कसलाच थर बसत नाही. म्हणून सीट हळूहळू झिजते आणि वॉल आत जातो. त्यासाठी गॅसच्या गाडीला बदली सीट घेताना जास्त कठीण जातीचीच घ्यावी.

पण सीट झिजते म्हणून वॉल जळत नाही. सीट झिजली की दांडा वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होत जाते. एक दिवस फट शून्य होते. मग इंजिन तापल्यावर वॉल पूर्ण बंदच होत नाही, रॉकर त्याला किंचित उचलून धरतो, आणि मग जळतो. टॅपेटचा टकटक आवाज बंद झाला म्हणून मालक खूश होतो, खरं तर तेव्हाच फिलर गेज हातात घ्यायला हवी. गॅसच्या गाडीची फट दर पाच-सात हजार किलोमीटरला, रात्रभर गार झालेल्या इंजिनावर, सकाळी मोजा. दहा मिनिटांचं काम आहे.

काळी_माती, तुमची फट शेवटची कधी मोजली होती?

काळी_माती | बुधवार, दुपारी १:४०

काका, दिवाळीत हेड बंद करताना त्यांनी बसवली असेल. त्यानंतर नाही. घेतल्यापासून मी स्वतः एकदाही मोजली नव्हती.

काळी_माती | रविवार, रात्री ८:३०

काल पूर्ण दिवस कारंज्याला होतो. जेवढं पाहिलं तेवढं लिहून ठेवतो, पुढं कोणाच्या कामी येईल.

गाईड काढणं सोपं वाटलं. हेड गंजातून बाहेर काढलं, वाफ निघत होती, ताईंनी पायरीचा पंच लावून तीन ठोक्यांत जुना गाईड पाडला आणि मोजून तेवढ्याच उंचीला नवीन बसवला. गार झाल्यावर रीमर. रीमर कधीच उलटा फिरवायचा नाही, बाहेर काढतानाही सुलटाच फिरवत काढायचा. नंतर वॉल ऑईल लावून गाईडमध्ये सोडला, तो आपल्या वजनानं सावकाश खाली सरकला. तसं सरकणं मी आधी पाहिलं नव्हतं. जुन्या गाईडमध्ये तो धपकन पडायचा.

तीन नंबरची सीट ओव्हनमधून हेड काढून बसवली. हातमोजा घातलेल्या बोटांतून सीट आत गेली तेव्हा फक्त टक असा आवाज झाला. तळाशी टेकली की नाही हे त्या आवाजावरूनच कळतं म्हणाल्या. वरून ड्रिफ्ट ठेवून थोडा वेळ दाबून धरली.

मग कटिंग. पायलट गाईडमध्ये बसवला, हलवून पाहिला, हलला नाही. आधी ४५ अंशांचा कटर. ताई दोन बोटांनी टी-हँडल फिरवत होत्या, तळहाताचं वजनसुद्धा टाकत नव्हत्या. म्हणाल्या, जोर लावला की कटर उड्या मारतो आणि सीटवर लाटा उठतात. पाच-सहा चकरा झाल्या की थांबून बघायचं. दोन नंबरच्या सीटवर पहिल्यांदा अर्ध्या भागातच नवी चकाकी आली, अर्धा भाग जुना काळा राहिला. आणखी चार चकरा, तेव्हा पाऊण. आणखी तीन, तेव्हा पूर्ण गोल. तिथंच थांबल्या. जुना शेवटचा काळा ठिपका गेला की कटर उचलायचा, त्यापुढची प्रत्येक चक्कर सीटचं आयुष्य खाते.

आता पट्टा पूर्ण होता, पण रुंद होता, दोन मिलिमीटरच्या पुढं. सीटला पातळ निळा रंग लावून वॉल वरून हलकेच टेकवला, फिरवला नाही. रंग वॉलच्या तोंडावर बाहेरच्या कडेला उमटला. तो मधे आणायचा म्हणजे सीटची वरची कड कमी करायची, त्यासाठी ३० अंशांचा कटर. दोनच चकरा. पट्टा वरून अरुंद झाला आणि खाली सरकला. मग खालच्या बाजूनं ६० अंशांचा, एक चक्कर आणि थोडी. पुन्हा निळा रंग. या वेळी वॉलच्या तोंडाच्या बरोबर मधे, दोन्हीकडं मोकळी जागा सोडून, एकसारखी निळी रिंग. कॅलिपरनं १.४ भरली. शेवटी ४५ चा एक अगदी हलका हात, कड साफ करायला.

मी विचारलं, अजून अरुंद केली तर जास्त घट्ट बसणार नाही का? त्या म्हणाल्या, बसेल, आणि इनटेकला १ मिलिमीटरही चालून जाईल, पण एक्झॉस्टला उष्णता उतरायला रुंदी लागते. फार रुंद केली तर दाब विखुरतो, कार्बनचा कण मधे अडकून राहतो. गॅसच्या गाडीच्या एक्झॉस्टला त्या १.३ च्या खाली जात नाहीत.

पायलटवर डायल लावून सीट फिरून मोजली, तीन नंबरला ०.०२ चा फरक, बाकी दोघांना ०.०३. ०.०५ च्या आत असलं की चालतं. वॉलांचे दांडे काचेवर लोळवून पाहिले. एक नंबरच्या एक्झॉस्टची कड, म्हणजे तोंडाच्या वरची सरळ जाडी, ०.७ च उरली होती. ताईंनी तो बाजूला ठेवला. इतकी पातळ कड उष्णता साठवू शकत नाही, तीच आधी लाल होते. दोन नवीन वॉल घेतले, दोन नंबरचा चांगला होता.

काल घासायला पेस्ट वापरली नाही. रॉकेल, मग साबणाचं पाणी, मग कोरडी हवा. नवीन ऑईल सील, टॉर्क रेंचनं मधून बाहेरच्या क्रमानं बोल्ट. आज दुपारी फट बसवली आणि गाडी चालू केली. गरम झाल्यावर कॉम्प्रेशन १६५, १६०, १६०.

गाईड, सीट, दोन वॉल, मजुरी, गॅस्केट मिळून सहा हजार दोनशे. दिवाळीचे साडेचार हजार वाचले असते.

अकोट_फाटा | सोमवार, रात्री ९:००

काका, काल माह्या टेबलावर एका चार सिलिंडरच्या गाडीचं हेड होतं. चारही एक्झॉस्ट, चारही इनटेक नेहमीसारखे घासले होते. रॉकेल टाकून पायलं, एक थेंब उतरला नाई. मंग तुमच्या सांगण्यावरून वॉल हलवून पायले अन् सीटवर पेन्सिलच्या रेघा मारल्या. चार नंबरच्या एक्झॉस्टच्या सात रेघा राहून गेल्या. गाईड तिथलाच ढिला.

गिऱ्हाईकाले फोन केला, म्हटलं दोन दिवस जास्त लागन, काहून ते समजावलं. तो थांबला. पैशाचंबी समजून घेतलं. ताई, गाईडचं माप पाठवतो, हेड घेऊन गुरुवारी येतो.

कारंजा_लेथ | सोमवार, रात्री ९:३५

या भाऊ. वॉल प्रत्येक सिलिंडरचा वेगळ्या पिशवीत बांधून आणा.

पऱ्हाटी | मंगळवार, सकाळी ८:१५

आमची डिझेल बोलेरो आहे, हेड उतरवलंय. तिलाही हेच लागू का?

जुना_फिटर | मंगळवार, सकाळी १०:४०

गाईड आधी, सीट नंतर, हे डिझेललाही तसंच. एक गोष्ट जास्तीची बघा. डिझेलला वॉलचं तोंड हेडच्या तळापासून किती आत आहे, ते डेप्थ गेजनं मोजायचं आणि तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहायचं. डिझेल हवेच्या दाबानं पेटतं. वॉल जास्त आत गेले की चेंबरची जागा वाढते, दाब घटतो, मग सकाळी गाडी धूर काढते आणि लवकर पेट घेत नाही. वॉल फार बाहेर राहिला तर पिस्टनला लागतो. त्यामुळे प्रत्येक कटिंगनंतर मोजा. माप मर्यादेच्या पुढं गेलं तर नवीन सीटच टाका. चारही सिलिंडरांची मापं एकमेकांच्या जवळ ठेवा, नाहीतर इंजिन एकसारखं चालत नाही.

काळी_माती | दोन महिन्यांनी, रविवार, सकाळी ७:०५

आज ५,२०० किलोमीटर झाले. रात्रभर गार झालेल्या इंजिनावर फट मोजली. एक आणि दोन नंबर जागच्या जागी. तीन नंबरची फिलरच्या एका पानानं कमी झाली होती, नवीन सीट बसायला तेवढी जाते असं ताई म्हणाल्या होत्या. मॅन्युअलमधल्या आकड्यावर परत आणली. वहीत तारीख, किलोमीटर आणि सहाही आकडे लिहिले. शाळा सुरू व्हायला आता पंधरा दिवस आहेत.